क्लिनिकल रिसर्चचा उन्हाळी कोर्स : निघण्याआधी, तिथे आणि परतल्यावर काय करायचं

उन्हाळी कोर्स करून आलेल्या डॉक्टरांना मी एकच गोष्ट विचारते : प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा लेखी आराखडा, कुठवर आला? उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. लेक्चर्स छान झाली, संख्याशास्त्र पहिल्यांदाच डोक्यात शिरलं, आता एखादा चांगला विषय शोधतोय. म्हणजे क्रम उलटा झाला. प्रश्न घरून न्यायचा असतो. कोर्सच्या दिवसांत तो शिक्षकांकडून आणि सोबतच्यांकडून ठोकून-ठाकून घ्यायचा आणि परतताना लिहिलेला प्रोटोकॉल आणायचा. दोन ते सहा आठवड्यांत हे सहज होतं. पण तिथे पोचल्यावर विषय शोधायला बसलात, तर सहा आठवडेही पुरत नाहीत.

खाली सगळे टप्पे क्रमाने दिले आहेत आणि सगळीकडे एकच उदाहरण वापरलं आहे : हार्ट फेल्युअरचा रुग्ण डिस्चार्ज होऊन घरी गेल्यावर सात दिवसांच्या आत नर्सने फोन करून विचारपूस केली, तर तो ३० दिवसांत पुन्हा ॲडमिट होण्याचं प्रमाण कमी होतं का? तुमचा प्रश्न त्वचारोगातला असेल नाहीतर भूलशास्त्रातला, अडायला होतं ते याच जागांवर.

टप्पा १ : कोर्स निवडताना

माहितीपत्रकातले विषय सगळीकडे सारखेच असतात, त्यामुळे त्यावरून काही ठरवू नका. आयोजकांना तीन गोष्टी विचारा. स्वतःच्या प्रोटोकॉलवर काम करायला रोज किती वेळ मिळतो? छोट्या गटात किती जण असतात आणि त्यात संख्याशास्त्रज्ञ बसतो का? शेवटी प्रोटोकॉलवर लेखी अभिप्राय मिळतो का? तिन्हींची उत्तरं गोलमोल आली तर तो कोर्स घरी बसून व्हिडिओवर केला तरी चालेल.

आणखी एक गल्लत नेहमी होते. गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं, म्हणजे जीसीपीचं प्रशिक्षण आणि संशोधनपद्धतीचं प्रशिक्षण या वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रायल, म्हणजे रुग्णांवर उपचार तपासणारा अभ्यास, नियमाने कशी चालवायची, संमती कशी घ्यायची, नोंदी कशा ठेवायच्या, हे जीसीपी शिकवतं. कोणता प्रश्न घ्यावा आणि त्याला कोणतं डिझाइन लागेल, हे तिथे शिकवत नाहीत. ट्रायल करायची असेल तर दोन्ही लागतात, पण एक झालं म्हणून दुसरं झालं असं होत नाही.

टप्पा २ : सहा आठवडे आधी, प्रश्न एका वाक्यात लिहा

‘हार्ट फेल्युअरमधला फॉलोअप’ हा विषय झाला. प्रश्न होण्यासाठी त्यात पाच गोष्टी लागतात : कोणते रुग्ण, त्यांना काय द्यायचं, कशाच्या तुलनेत, कोणता परिणाम मोजायचा आणि किती दिवसांत. यातल्या पहिल्या चार गोष्टींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेलं पिको हे नाव बहुतेकांना पाठ असतं, लिहायला बसलं की मात्र त्यातलं निम्मं गळतं. सगळ्यात जास्त गळते ती तुलना. ‘फोन केल्याने फायदा होतो का’ असं लिहिलं जातं. कोणापेक्षा, ते राहून जातं.

आपलं वाक्य असं होईल : हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट होऊन जिवंत घरी गेलेल्या १८ वर्षांवरील रुग्णांमध्ये, नेहमीच्या डिस्चार्ज सल्ल्यासोबत सात दिवसांच्या आत नर्सचा ठरावीक प्रश्नांचा फोन केला, तर नुसत्या नेहमीच्या सल्ल्याच्या तुलनेत, डिस्चार्जपासून ३० दिवसांत कोणत्याही कारणाने पुन्हा ॲडमिट होण्याचं प्रमाण कमी होतं का? वाक्य लांब आणि रुक्ष आहे. असू द्या. त्यातला एकेक शब्द पुढे प्रोटोकॉलमध्ये स्वतंत्र परिच्छेद होणार आहे.

लिहिलेल्या वाक्याला पाच कसोट्या लावा : जमण्यासारखं आहे का, तुम्हाला त्याचं कुतूहल आहे का, नवीन आहे का, नैतिक आहे का, उत्तराने कोणाच्या उपचारात फरक पडेल का. माझ्या मते शेवटची कसोटी सगळ्यात कडक लावावी. उत्तर ‘हो’ आलं काय आणि ‘नाही’ आलं काय, वॉर्डातलं काहीच बदलणार नसेल तर तो प्रश्न सोडा. रुग्ण आपला वेळ देतात, कधी रक्त देतात. ते अशा प्रश्नासाठी मागायचा आपल्याला हक्क नाही.

सावध : ‘आमच्याकडे पाच वर्षांचा डेटा पडून आहे, त्यातून काहीतरी काढू’ अशा मनाने जाऊ नका. डेटा दुसऱ्याच कामासाठी गोळा झालेला असतो. तुम्हाला हवी असलेली नेमकी गोष्ट त्यात नसते किंवा अर्ध्याच केस पेपरांत असते. आधी प्रश्न लिहा. मग तो डेटा त्याला पुरतो का ते बघा.

तपासणी : हे वाक्य तुमच्या विभागाबाहेरच्या एखाद्या रेसिडेंटला वाचायला द्या आणि विचारा, उद्या सकाळी वॉर्डातले कोणते रुग्ण यात घेशील, कोणते सोडशील? तो अडखळला तर पहिला भाग अजून धूसर आहे.

टप्पा ३ : चार आठवडे आधी, रुग्ण मोजा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि पुढे सगळ्यात महाग हाच पडतो. ‘आमच्याकडे हार्ट फेल्युअरचे खूप रुग्ण येतात’ हे मोजमाप नव्हे. अमेरिकी औषधशास्त्रज्ञ लुई लझानिया यांच्या नावाने एक निरीक्षण ओळखलं जातं : अभ्यास सुरू होण्याआधी भरपूर वाटणारे रुग्ण तो सुरू झाल्या दिवसापासून आटतात. तुमच्याकडेही तेच होणार, म्हणून मागच्या १२ महिन्यांचं डिस्चार्ज रजिस्टर उघडा आणि एकेक चाळणी लावत खाली या.

आपल्या उदाहरणात समजा महिन्याला ४० रुग्ण हार्ट फेल्युअरचं निदान घेऊन घरी जातात. त्यातले काही डायलिसिसवरचे, काही दुसऱ्या संस्थेत पाठवलेले, ते गेले. काहींकडे स्वतःचा किंवा घरच्यांचा फोन नाही, ते गेले. उरलेल्यांतले काही संमती देणार नाहीत, काही सुटीच्या दिवशी कोणी विचारायला नव्हतं म्हणून सुटतील. समजा हातात २४ राहिले. पुढचा सगळा हिशेब या २४ वर करायचा.

त्याच बैठकीत आणखी एक आकडा काढा : मागच्या वर्षी यांतले किती टक्के ३० दिवसांत परत आले? हा पायाचा दर तुमच्या हाताशी नसेल तर कोर्समध्ये सॅम्पल साइझच्या, म्हणजे किती रुग्ण लागतील ते काढायच्या, दिवशी तुम्ही कोरा कागद घेऊन बसाल. मोजमापाचा परिणाम असेल, म्हणजे रक्तदाब, हिमोग्लोबिन किंवा एखादा स्कोर, तर टक्क्यांऐवजी त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप, लागेल. तेही घरूनच न्या.

सावध : न्यायचे ते आकडे. रुग्णांची नावं, केस पेपरचे फोटो, फोन नंबर असलेल्या एक्सेल शीट्स लॅपटॉपमध्ये घालून कोर्सला नेऊ नका. परवानगीशिवाय ओळख पटेल असा डेटा संस्थेबाहेर नेणं हा गोपनीयतेचा भंग आहे. ‘सरावासाठी आणलाय’ म्हटल्याने त्यात फरक पडत नाही. रजिस्टर चाळायलाही विभागप्रमुखांची परवानगी लागते, आणि काही ठिकाणी एथिक्स कमिटीला कळवावं लागतं. आधी विचारून घ्या.

टप्पा ४ : निघेपर्यंतची उरलेली कामं

वाचन थोडं करा, पण निवडून. आधी त्या प्रश्नावरचा अलीकडचा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (सगळे अभ्यास पद्धतशीर शोधून घेतलेला आढावा), मग तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाणारे तीन-चार मूळ पेपर. प्रत्येकाची एक ओळ : रुग्ण कोण, तुलना कशाशी, परिणाम कसा मोजला, किती रुग्ण, किती गळाले. एवढा एकपानी तक्ता शिक्षकांसमोर ठेवलात की पहिल्याच दिवशी कामाचं बोलणं सुरू होतं. ट्रायल रजिस्ट्रीत, म्हणजे ट्रायल्सच्या सार्वजनिक नोंदवहीतही शोधा. हाच प्रश्न घेऊन कोणाची मोठी ट्रायल चालू असेल, तर ते आत्ता कळलेलं बरं.

मेंटॉरशी लेखकत्वाचं बोलणं निघण्याआधीच करा. अवघड वाटतं, पण पेपर लिहून झाल्यावर ते दसपट अवघड होतं. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, म्हणजे आयसीएमजेईच्या, चार अटी आहेत : कल्पना, आखणी, डेटा किंवा विश्लेषणात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या गंभीर फेरतपासणीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि सगळ्या कामाची जबाबदारी घ्यायची तयारी. चारही पाळल्या तरच लेखक. नुसता रुग्ण पाठवणारा किंवा खुर्चीवर बसलेला लेखक होत नाही.

ड्युटीचं काय ते आधी मिटवा. दुपारी ओपीडी करून संध्याकाळी ऑनलाइन लेक्चर ऐकणाऱ्याला लेक्चर मिळतं, प्रोटोकॉल मिळत नाही.

टप्पा ५ : कोर्सचे पहिले दिवस, डिझाइन ठरवा

प्रश्न पक्का झाल्याशिवाय डिझाइनकडे जाऊ नका. आणि ‘मला ट्रायलच करायची आहे’ किंवा ‘मला रेट्रोस्पेक्टिव्हच (जुन्या नोंदींवरूनच) जमेल’ असं आधी ठरवून प्रश्न त्यात कोंबू नका. वारंवारता किती, हे विचारायचं असेल तर क्रॉस-सेक्शनल, म्हणजे एकाच वेळी केलेली पाहणी. दुर्मीळ आजाराची कारणं शोधायची असतील तर केस-कंट्रोल, म्हणजे आजार असलेल्यांची आणि नसलेल्यांची मागे जाऊन तुलना. पुढे काय होतं ते बघायचं असेल तर कोहॉर्ट, म्हणजे एका गटाचा काही काळ मागोवा. आपण काही देऊन फरक पडतो का, हे विचारायचं असेल तर शक्य तिथे रँडमायझेशन, म्हणजे कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार हे निव्वळ योगायोगावर सोडणं.

फोनच्या उदाहरणात मोह असा होतो : काही रुग्णांना नर्स आधीपासूनच फोन करतात, मग जुन्या नोंदी काढून फोन झालेले आणि न झालेले यांची तुलना करून टाकू. हे करून बघा, फोनचा फायदा बहुधा दिसेल. पण त्यात दोन खड्डे आहेत.

पहिला : फोन कोणाला झाला? जो उचलतो त्याला, ज्याच्या घरी कोणी काळजी घेणारं आहे त्याला. किंवा उलट, नर्सला ज्याची जास्त काळजी वाटली त्याला. गट मुळातच वेगळे होते आणि फरक फोनचा की माणसांचा, ते सांगता येत नाही. याला कन्फाउंडिंग म्हणतात, आणि मोठमोठे अभ्यासही त्यात फसले आहेत. रजोनिवृत्तीनंतरच्या हार्मोन उपचाराने हृदयविकार कमी होतो, असं अनेक निरीक्षणात्मक अभ्यास वर्षानुवर्षं सांगत होते. २००२ मध्ये विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हच्या रँडमाइज्ड ट्रायलने इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनच्या बाबतीत ते संरक्षण खरं नसल्याचं दाखवलं.

दुसरा खड्डा अधिक फसवा आहे. समजा फोन सरासरी पाचव्या दिवशी होतो. जो रुग्ण दुसऱ्याच दिवशी परत ॲडमिट झाला त्याला फोन व्हायला वेळच मिळाला नाही. तो आपोआप ‘फोन न झालेल्या’ गटात पडला. ‘फोन झालेला’ प्रत्येक जण मात्र निदान फोन येईपर्यंत घरी टिकलेलाच होता. फोनमध्ये काहीही दम नसला तरी हा गट उजवा दिसणार. अशा एकतर्फी चुकीला इम्मॉर्टल टाइम बायस म्हणतात. छापून आलेल्या पेपरांतही तो सापडतो. तुमच्या अभ्यासात ‘उपचार मिळाला’ हे ठरायला काही दिवस जावे लागत असतील, तर या बायसवर शिक्षकांशी अर्धा तास बोला. कोर्सची अर्धी फी तिथे वसूल होते.

म्हणून आपल्या प्रश्नाला रँडमायझेशन. इथे दोन सूचना. सम-विषम केस नंबर, एक दिवसाआड फोन, हे रँडमायझेशन नाही. पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे आधी कळतं आणि मग कोणाला संमतीसाठी विचारायचं ते हात आपोआप ठरवतो. क्रम संगणकाने काढायचा आणि रुग्ण घेणाऱ्यापासून तो लपवायचा. हे लपवणं आणि ब्लाइंडिंग, म्हणजे कोणाला काय मिळतंय ते नंतरही कळू न देणं, एक नाही. फोनच्या अभ्यासात रुग्णाला आणि नर्सला अंधारात ठेवता येणार नाही, पण वाटपाचा क्रम लपवता नक्कीच येतो.

टप्पा ६ : परिणाम एकच, आणि तो कोण मोजणार

प्रायमरी आउटकम, म्हणजे मुख्य परिणाम, एक ठेवा. गटात बसल्यावर प्रत्येक जण एक सुचवतो आणि यादी दहावर जाते. नऊ दुय्यम करा.

मोजायला सोपं म्हणून रक्तातला आकडा किंवा ईसीजीवरची रेघ निवडायचा मोह होतो. १९८९ मध्ये कास्ट ट्रायलचे पहिले निष्कर्ष आले ते विसरू नका. हार्ट ॲटॅकनंतर अनियमित ठोके दाबणारी एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ठोके खरोखर दाबत होती, पण ती घेणाऱ्यांत मृत्यू प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, घेणाऱ्यांपेक्षा जास्त झाले. आकडा सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला, हे सिद्ध करावं लागतं, गृहीत धरता येत नाही.

आपल्या उदाहरणातली मेख बघा. ‘३० दिवसांत पुन्हा ॲडमिट’ असा परिणाम धरला, आणि एखादा रुग्ण दहाव्या दिवशी घरीच वारला. तो पुन्हा ॲडमिट होऊच शकत नाही. तक्त्यात तो ‘चांगला निकाल’ म्हणून मोजला जाईल. म्हणून परिणाम बदलायचा : ३० दिवसांत पुन्हा ॲडमिट होणं किंवा मृत्यू. आणि परिणाम बदलला की पायाचा दरही रजिस्टरमधून नव्याने मोजायचा. समजा तो ३० टक्के निघाला.

आता तो कळणार कसा? रुग्ण दुसऱ्याच रुग्णालयात ॲडमिट झाला तर तुमच्या रजिस्टरात काहीच येणार नाही. मग ३१ व्या दिवशी दोन्ही गटांतल्या प्रत्येकाला फोन करून विचारावं लागेल. तो फोन करणाऱ्या व्यक्तीला रुग्ण कोणत्या गटातला ते माहीत नसावं, आणि सात दिवसांत फोन करणारी नर्स ती नसावी.

तपासणी : परिणामाच्या व्याख्येत चार गोष्टी लिहिल्या आहेत का? नेमकं काय, कशाने मोजणार, कधी, आणि कोण मोजणार. ‘इमर्जन्सीत रात्रभर निरीक्षणाखाली ठेवलं’ ते ॲडमिशन धरायचं की नाही, तेही आत्ताच ठरवा. रुग्ण समोर आल्यावर ठरवलंत तर ते आशेनुसार ठरेल.

टप्पा ७ : सॅम्पल साइझ

संख्याशास्त्रज्ञाकडे जाऊन ‘किती रुग्ण घेऊ’ असं विचारू नका. त्याला हे तुम्हीच सांगायचं असतं : पायाचा दर किती, आणि रुग्णाच्या दृष्टीने अर्थ असलेला लहानात लहान फरक किती. हा दुसरा आकडा वैद्यकीय निर्णय आहे, सॉफ्टवेअर तो देत नाही.

कागदावर करायचा एक ठोकताळा आहे. ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो पकडण्याची शक्यता) आणि ५ टक्के अल्फा (फरक नसताना तो आहे असं दिसण्याची शक्यता) धरून दोन टक्केवारींची तुलना करायची असेल, तर दोन्हींची सरासरी दशांशात लिहा, तिला १ वजा तीच सरासरी याने गुणा, आलेल्याला १६ ने गुणा आणि फरकाच्या वर्गाने भागा. प्रत्येक गटाचा आकडा मिळतो. ३० टक्क्यांवरून २० टक्के अपेक्षित असेल तर ०.२५ × ०.७५ × १६ म्हणजे ३, भागिले ०.०१, म्हणजे गटाला ३००. दहा टक्के गळती धरायची तर ३०० ला ०.९ ने भागायचं, म्हणजे ३३४. सगळे मिळून ६६८. (३०० मध्ये दहा टक्के मिळवून ३३० धरणं ही नेहमीची चूक. ३३० मधले दहा टक्के गळाले की २९७ उरतात.)

आता टप्पा ३ मधले २४ आठवा. ६६८ भागिले २४ म्हणजे जवळजवळ २८ महिने. आणि तेही एका फोनने दर तीन घटनांतली एक टळेल, या अपेक्षेवर. मला ती अपेक्षा फार मोठी वाटते. फरक पाच टक्क्यांचाच धरला, ३० वरून २५, तर गटाला सुमारे १,२७६ लागतात. फरक निम्मा केला की रुग्ण चौपटीहून जास्त.

या क्षणी गटात शांतता पसरते. आणि याच क्षणी सगळ्यात वाईट चूक होते : हातात असलेल्या रुग्णसंख्येला बसेल असा फरक शोधला जातो. ‘फरक २० टक्के धरला तर जमतंय’ असं म्हणून पुढे गेलेला अभ्यास शेवटी काहीच सांगू शकत नाही.

प्रामाणिक वाटा तीन. एक, आणखी केंद्रं सोबत घ्या. कोर्सला आलेले सहकारी त्यासाठी समोरच बसलेले आहेत. दोन, मोजमापाचा परिणाम घ्या, उदाहरणार्थ कॅन्सस सिटी कार्डिओमायोपॅथी प्रश्नावली, जिचा स्कोर ० ते १०० असतो आणि ५ गुणांचा फरक रुग्णाला जाणवण्याइतका मानतात. स्टँडर्ड डेव्हिएशन २० धरलं तर १६ × २०² ÷ ५² म्हणजे गटाला २५६. बचत फारशी नाही, आणि प्रश्नही बदलला. तीन, आधी छोटा पायलट. किती जण संमती देतात, किती जण फोन उचलतात, ३१ व्या दिवशी किती जणांची माहिती मिळते, एवढंच त्यात बघायचं. मी यातली तिसरी वाट घेऊन मग पहिलीकडे जाईन.

सावध : पायलटमध्ये फोनचा फायदा झाला का, ते तपासू नका, आणि त्यात दिसलेला फरक उचलून मोठ्या अभ्यासाचा हिशेब करू नका. ४० रुग्णांतला फरक निव्वळ योगायोगाने कुठेही जाऊ शकतो.

टप्पा ८ : विश्लेषणाचा आराखडा, रिकाम्या तक्त्यांसह

पेपरमध्ये जे तक्ते छापून यावेत असं वाटतं ते आत्ता काढा, आकड्यांच्या जागा रिकाम्या ठेवून. पहिल्या तक्त्यात दोन्ही गटांची मूळ माहिती, दुसऱ्यात प्रायमरी आउटकम, तिसऱ्यात दुय्यम. हे करताना दोन गोष्टी लख्ख दिसतात : कोणता डेटा गोळा करायचा राहिला, आणि कोणता उगाच गोळा करणार होतात. कोणत्याच तक्त्यात न बसणारा रकाना फॉर्ममधून काढून टाका.

ज्यांनी फोन उचललाच नाही त्यांचं काय? ते फोनच्याच गटात मोजायचे. त्यांना काढलं की रँडमायझेशनने जुळवलेले गट पुन्हा बिघडतात आणि टप्पा ५ मधला पहिला खड्डा मागच्या दाराने परत येतो.

सबग्रुप, म्हणजे वेगळे तपासायचे रुग्णांचे उपगट, आधी लिहून ठेवा, दोन किंवा तीन, त्याहून जास्त नाहीत. खऱ्या फरकाशिवाय वीस स्वतंत्र चाचण्या केल्या तर निदान एक ‘सिग्निफिकंट’, म्हणजे योगायोगापलीकडची वाटणारी, निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. हार्ट ॲटॅकवरच्या १९८८ च्या आयसिस-२ ट्रायलमध्ये १७,१८७ रुग्ण होते आणि ॲस्पिरिनचा फायदा निर्विवाद होता. तरी संशोधकांनी मुद्दाम राशींप्रमाणे गट पाडून दाखवलं, तेव्हा मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांत ॲस्पिरिन किंचित अपायकारक निघालं. उद्या तुमच्या तक्त्यात ‘६५ वर्षांवरील स्त्रियांमध्ये’ असं काही चमकलं तर हे आठवा.

टप्पा ९ : डेटा फॉर्म

इथे थोडक्यात. एका रुग्णाला एक ओळ, एका गोष्टीला एक रकाना. रक्तदाब ‘१३०/८०’ असा एका रकान्यात नको, दोन रकाने करा. वय लिहू नका, जन्मतारीख लिहा. तारखांची पद्धत सगळीकडे एकच. माहिती नसेल तर ठरलेला कोड. रिकामी जागा आणि शून्य यांचा अर्थ वेगळा. रंगांनी खुणा करू नका, सॉफ्टवेअर रंग वाचत नाही. प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारी कोडबुक पहिल्याच दिवशी लिहा. संस्थेकडे रेडकॅपसारखी प्रणाली असेल तर ती वापरा, कारण कोणी कधी काय बदललं याची नोंद तिच्यात राहते.

टप्पा १० : कोर्सचे शेवटचे दिवस

ट्रायल असेल तर प्रोटोकॉल स्पिरिट चेकलिस्टसमोर (ट्रायलच्या प्रोटोकॉलमध्ये काय असावं त्याची यादी) ठेवून एकेक मुद्दा तपासा. निरीक्षणात्मक अभ्यासाला स्ट्रोब आणि निदानचाचणीला स्टार्ड या खरं तर पेपर लिहिण्यासाठीच्या याद्या, पण आखणी करतानाच वाचल्या तर पुढे पस्तावायची वेळ येत नाही.

सादरीकरणात पार्श्वभूमीवर दहा स्लाइड्स घालवू नका. प्रश्न, डिझाइन, परिणाम, रुग्णसंख्या, आणि तुम्हाला स्वतःला कच्ची वाटते ती जागा. ती जागा लपवली तर ती दुरुस्त करू शकणारे वीस जण समोर बसून टाळ्या वाजवतील आणि घरी जातील. मिळालेला प्रत्येक आक्षेप लिहून घ्या, पटलेला आणि न पटलेलाही. एथिक्स कमिटी बहुतेक तेच विचारणार असते.

टप्पा ११ : परतल्यावर ३० दिवस

पहिल्या आठवड्यात प्रोटोकॉल मेंटॉरला आणि नर्सिंग प्रमुखांना दाखवा. फोन नर्स करणार आहेत. त्यांना शेवटी कळवलंत तर अभ्यास तिथेच अडेल. दुसऱ्या आठवड्यात संमतिपत्र लिहा, रुग्णाच्या भाषेत, आणि वैद्यकीय नसलेल्या कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. जिथे तो थांबेल ते वाक्य बदला. तिसऱ्या आठवड्यात अर्ज एथिक्स कमिटीकडे गेला पाहिजे. त्यापुढे लांबलं की वॉर्डाचं काम सगळं गिळून टाकतं.

सावध : मंजुरीच्या आधी एकही रुग्ण घ्यायचा नाही, ‘फक्त फॉर्म भरून ठेवतो’ म्हणूनही नाही. मागच्या तारखेने मंजुरी मिळत नसते. ट्रायल असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सार्वजनिक रजिस्ट्रीत नोंदणीही हवी. आयसीएमजेईची ही अट २००५ पासून आहे, आणि उशिरा नोंदवलेली ट्रायल अनेक नियतकालिकं परत पाठवतात.

मंजुरी आली की पाच रुग्ण घ्या आणि थांबा. पाचही फॉर्म समोर ठेवून बघा : कोणता रकाना रिकामा राहिला, कोणता प्रश्न नर्सने आपल्या शब्दांत बदलून विचारला, संमतीला किती मिनिटं लागली, गट लिहिलेलं बंद पाकीट कोणी आणि कधी उघडलं. फॉर्ममध्ये बदल करावा लागला तर तो एथिक्स कमिटीला कळवा, मान्यता आल्यावर नव्या आवृत्तीवर क्रमांक आणि तारीख टाका, जुने कोरे फॉर्म वॉर्डातून काढून घ्या आणि मग सहावा रुग्ण घ्या.